वहीत लिहिलेलं निल

मुलीला सहावं वरीस लागलं होतं तेव्हाची गोष्ट. एका सकाळी ती अंथरुणात उठून बसली आणि म्हणाली, "पप्पा, माझे डोळे चिटकलेत." डोळे चिटकले नव्हते, पापण्या सुजून डोळ्यांवर आल्या होत्या. मुखेडच्या डॉक्टरांनी ॲलर्जी समजून थेंब दिले. चार दिवसांनी तिच्या पायात चप्पल जाईना, आठव्या दिवशी पोट फुगलं, आणि आम्ही नांदेडला लहान मुलांच्या डॉक्टरांकडे गेलो.

त्यांनी तिची पिंडरी अंगठ्यानं दाबली. अंगठा काढल्यावर तिथं खड्डा तसाच राहिला. माझी बायको त्या खड्ड्याकडे बघत राहिली, तो भरून यायची वाट बघत.

"किडनीची चाळणी सैल झालीय," डॉक्टर म्हणाले. "अंगातलं प्रोटीन लघवीतून निघून चाललंय. गोळ्यांनी थांबेल, पण पुन्हा येईल. पुन्हा थांबवू. बरीच मुलं मोठी होता होता यातून बाहेर पडतात."

"किती वर्षांत?" मी विचारलं.

"ते मला सांगता येणार नाही."

मग त्यांनी आम्हाला घरी करायचं काम सांगितलं. रोज सकाळची पहिली लघवी परीक्षानळीत घ्यायची, वरचा भाग दिव्यावर तापवायचा, आम्लाचे दोन-तीन थेंब टाकायचे. स्वच्छ राहिली तर वहीत 'निल' लिहायचं. किंचित धुरकटली तर 'ट्रेस'. त्यापुढं एक प्लस, दोन प्लस. दुधासारखी फाटली की तीन. सलग तीन दिवस तीन प्लस आलं तर फोन करायचा. आणि ताप आला किंवा पोट दुखलं तर फोनसुद्धा करायचा नाही, तडक निघायचं. सूज असताना पोटात जंतू वाढले तर वेळ हातात राहत नाही, असं त्यांनी दोनदा सांगितलं.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. परीक्षानळी, चिमटा, स्पिरिटचा दिवा या माझ्या रोजच्या वस्तू. त्यामुळे हे काम माझ्याकडे आलं. बायकोला ते बघवत नसे. ती गॅसकडे तोंड करून उभी राहायची, चहा उकळून खाली यायला लागला तरी तिचं लक्ष नसायचं. मी दिवा विझवला की पाठमोरीच विचारायची, "काय आलं?" मी म्हणायचो, "निल." मग तिचे खांदे खाली यायचे आणि आमचा दिवस सुरू व्हायचा.

वर्गात पन्नास पोरांसमोर हाच प्रयोग मी कितीदा हसत केला होता. इथं नळीच्या तोंडाशी पहिला बुडबुडा आला की मी चिमटा आणखी घट्ट धरायचो. थेंब टाकताना श्वास धरून ठेवायचो. मुलगी दारात उभी राहून नळीकडे न बघता माझ्याकडे बघायची. तिला माझ्या तोंडावरून कळायचं, म्हणून मी तोंड सरळ ठेवायला शिकलो. इतकं शिकलो की पुढे बायकोलासुद्धा काही कळेना.

दोन वर्षांत आजार चार वेळा उलटला. गोळ्यांनी मुलीचा चेहरा वाटोळा झाला, गालांवर लव आली, भूक अशी वाढली की जेवून उठल्यावर पुन्हा ताटाजवळ येऊन बसायची. शाळेतल्या पोरी चिडवायच्या. त्याहून मोठं संकट म्हणजे दुसऱ्यांची सर्दी, कारण साध्या सर्दीनंही आजार परत यायचा. बायको घरी साड्यांना फॉल-पिको करून द्यायची, ते तिनं बंद केलं. बायका कडेवर लेकरू घेऊन यायच्या आणि त्या लेकराच्या नाकाला शेंबूड असायचा. दोघी-तिघींना तिनं दारातूनच परत लावलं. गल्लीत बोलणं झालं, "लई शिष्ट झालीय." शाळेत एखादं पोरगं खोकलं की मी लिहिता लिहिता थांबायचो. घरी आल्यावर आधी न्हाणीत जाऊन कपडे बदलायचो. आम्ही दोघं मिळून कुठं गेलो नाही, ना लग्नाला, ना बाजारच्या दिवशी बाजारात. कुणी पाहुणे येतो म्हणाले तर काहीतरी निमित्त सांगायचो. आमच्या दोघांतलं बोलणंही झडत गेलं. सकाळी 'काय आलं', 'निल'. दुपारी 'गोळी दिली का', 'दिली'. एवढ्यावर दिवसच्या दिवस जायचे.

अशात बायकोच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. बायकोचं माहेर लातूरजवळ मुरुडला. दोन वर्षांत ती तिकडं गेली नव्हती. सासूबाईंचा फोन आला. "तू न्हाई आलीस तर तिच्या पाठीशी कोण उभं राहील माय?" बायकोनं नांदेडच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "सलग सहा महिने निल आहे. जा. बाहेरचं पाणी देऊ नका, सर्दी-खोकलावाल्यांच्या जवळ नेऊ नका."

त्या दिवसापासून घर बदललं. बायकोनं कोपऱ्यात झाकून ठेवलेली शिलाई मशीन पुढं ओढली आणि मुलीला परकर-पोलकं शिवायला घेतलं. मशीन चालवता चालवता ती गुणगुणत होती. मी दारात चप्पल घालत होतो, तसाच थांबून ऐकत राहिलो.

लग्न गुरुवारी होतं. आदल्या रविवारी नळी धुरकट झाली. एक प्लस असेल. मी वहीत ट्रेस लिहिलं. मनाशी म्हटलं, होतं असं कधीकधी, उतरेल.

सोमवारी ती दुधासारखी फाटली.

"काय आलं?" बायकोनं विचारलं.

"ट्रेस."

"कालचंच की," ती म्हणाली, आणि चहा गाळायला लागली.

मंगळवारी पुन्हा तसंच. मी नळी पाण्याखाली धरली, पांढरं सगळं वाहून जाऊ दिलं आणि वहीत निल लिहिलं. 'निरीक्षण जसं दिसलं तसं लिहा, पुस्तकात आहे म्हणून लिहू नका,' असं मी दरवर्षी पोरांना सांगतो. माझ्या हातानं, माझ्या अक्षरात, मी निल लिहिलं. बुधवारी निघायच्या सकाळी तिसऱ्यांदा तीन प्लस आलं, वहीत मी पुन्हा निल लिहिलं. त्या सकाळी फोन करायचा होता. मी हिशेब केला की गुरुवारी अक्षता पडतील, शुक्रवारी पहाटे नांदेड गाठू, दोन दिवसांनी काय होतंय. बायकोसाठी खोटं बोललो असं मी पुढं बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. ते अर्धंच खरं आहे. मलाही चार माणसांत बसून जेवायचं होतं, कुणीतरी शाळेचं, पावसापाण्याचं विचारावं असं वाटत होतं. पण बसमध्ये बसल्यापासून माझं कशात चित्त नव्हतं. मुलगी खिडकीशी बसली होती आणि मी सारखा तिच्या पापण्यांकडे बघत होतो.

मुरुडला मांडव दारातच घातला होता. गुरुवारी सकाळी लग्नाच्या गडबडीत नळी पिशवीतच राहिली. मुलगी नव्या परकरात इकडंतिकडं फिरली. अकराच्या सुमाराला ती माझ्याजवळ येऊन बसली. जेवायला चल म्हटलं तर नको म्हणाली. जी पोरगी दोन वर्षं जेवणाला नको म्हणाली नव्हती, ती नको म्हणाली.

"काय होतंय माय?"

"पोट दुखायलंय."

मी हात लावला. पोट ताठ होतं आणि पोलक्यावरूनही अंगाची धग लागत होती. ताप आणि पोट. डॉक्टरांचे दोन्ही शब्द मला एकदम आठवले. समोर अक्षता वाटत होते. मुलीनंही तिची मूठ भरून घेतली होती. आमच्यात लग्न लावायला जंगम असतात. त्यांनी म्हणायला सुरुवात केली होती आणि लोक उभे राहत होते. बायको नवरीच्या मागं हातात ताट घेऊन उभी होती. मी मुलीला उचललं आणि माणसांतून वाट काढत निघालो. बायकोनं लांबूनच माझं तोंड पाहिलं. त्या दिवशी ते सरळ ठेवणं मला जमलं नाही. तिनं ताट शेजारच्या बाईच्या हातात दिलं आणि बहिणीकडे वळूनही न बघता खाली उतरली.

मांडव घालणारे एक मुसलमान चाचा बाजूला खुर्चीवर बसले होते. त्यांची जीप रस्त्यावर उभी होती. मी काही विचारायच्या आत ते उठले. "सर, लातूर जाना है ना? चलो. बच्ची को पीछे लिटाओ."

मागून अक्षतांचा गलका झाला तेव्हा आम्ही गाडीत बसत होतो.

लातूरपर्यंतचा रस्ता मला नीट आठवत नाही. मुलीनं दोनदा हिरवी उलटी केली. बायकोनं लग्नात नेसलेल्या शालूच्या पदरानं तिचं तोंड पुसलं. गाडी खड्ड्यातून गेली की मुलगी कण्हायची आणि चाचा पुढून म्हणायचे, "बस, आया बेटा, आया." मुलगी एकदा डोळे उघडून म्हणाली, "पप्पा, मावशीवर अक्षता टाकायच्या राहिल्या." तिची मूठ अजून मिटलेलीच होती. मला वाटलं, हे तिचं शेवटचं बोलणं असेल. असं वाटलं म्हणून मी घाबरून तिला बोलतं ठेवायला लागलो, काहीबाही विचारत राहिलो, पण तिनं उत्तर दिलं नाही.

दवाखान्यात सुई लावायला सिस्टरनं तिची मूठ उघडली तेव्हा पिवळे तांदूळ फरशीवर सांडले. डॉक्टरांनी पोट दाबून हात सोडला आणि मुलगी अशी किंचाळली की बायको भिंतीला टेकली. रक्त घेतलं, लघवी तपासली. थोड्या वेळानं डॉक्टरांनी मला बाहेर बोलावलं.

"वही आहे?"

मी पिशवीतून काढून दिली.

"आमच्या तपासणीत तर तीनच्याही वर, चार प्लस आलंय," ते पान उलटत म्हणाले. "आणि काल, परवा निल लिहिलंय. असं एकाएकी होत नाही. नळी बरोबर तापवता ना?"

बायको आत मुलीचा हात धरून बसली होती. दाराच्या काचेतून तिचा अंबाडा दिसत होता, त्यात माळलेला गजराही तसाच होता.

"तापवतो," मी म्हणालो. "सोमवारपासून तीन प्लस होतं. मी खोटं लिहिलं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी खिशातलं पेन काढलं, माझ्या 'निल'वर काट मारली, पुढं खरे आकडे लिहून घेतले आणि म्हणाले, "मला हे कळणं गरजेचं होतं. आता दोन दिवस काही विचारू नका. औषधं लागू पडतायत का बघू."

त्या दोन दिवसांत मी देवाकडे काही मागितलं नाही. मागायचं तोंड नव्हतं. बाकावर बसून मी आत जाणाऱ्या सिस्टरच्या पावलांचा आवाज ऐकायचो. हळू चालली तर बरं वाटायचं, भराभर गेली की उठून उभा राहायचो. चाचा पहिल्या दिवशी तीन तास माझ्याशेजारी बसून होते. त्यांच्या मांडवाचं काम मुरुडला तसंच पडलं होतं. जाताना एवढंच म्हणाले, "मैं कल आता." आणि दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी दिलेला डबा घेऊन आले.

आणि दुसरी एक भीती होती, तिची मला लाज वाटते. बायकोला कळलं तर काय, ही. मुलगी आत ग्लानीत पडलेली असताना मी स्वतःसाठी घाबरत होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी ताप उतरायला लागला. चौथ्या दिवशी मुलीनं भाकरी मागितली. बायको रडली, मग तोंड धुऊन आली, मग पुन्हा रडली.

पाचव्या दिवशी सकाळी एक तरुण डॉक्टरीणबाई कागद घेऊन आल्या. त्या शिकत होत्या, त्यांचा काहीतरी अभ्यास चालला होता. "मला तुम्हाला दोघांना थोडे प्रश्न विचारायचेत," त्या म्हणाल्या. "मुलीबद्दल नाही, तुमच्याबद्दल. आजारी मुलांचे आईवडील कसे जगतात यावर."

"आमचं काय विचारायचं त्याच्यात?" बायको म्हणाली.

पण त्या स्टूल ओढून बसल्या. झोप पुरते का, थकवा किती, मैत्रिणींना भेटता का, स्वतःसाठी वेळ मिळतो का. उत्तरं ठरलेली होती: कधीच नाही, कधीकधी, बऱ्याचदा, नेहमी. बायको सुरुवातीला लाजत उत्तरं देत होती. मैत्रिणींच्या प्रश्नाला थोडं हसली. मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मनातली भीती घरात कुणाशी मोकळेपणानं बोलता येते का?"

"ह्यांच्यापाशी बोलायची गरजच पडत न्हाई," बायको म्हणाली. "ह्यांना भीतीच वाटत न्हाई. रोज सकाळी ह्यांचं तोंड बघते अन् मग मला धीर येतो."

डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं आणि माझ्याकडे वळल्या. "सर, तुम्ही सांगा. मुलीच्या आजाराची भीती वाटते?"

"नेहमी," मी म्हणालो.

"कधी जास्त?"

मी बायकोकडे बघितलं. त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्या उठल्या, उरलेले प्रश्न नंतर घेते म्हणाल्या आणि गेल्या. बायको माझ्याकडे बघत होती. मुलगी झोपली होती. मी बायकोला घेऊन वऱ्हांड्याच्या टोकाला गेलो, जिथं लोक डबे धुतात. तिथं उभं राहून सगळं सांगितलं. सोमवार, मंगळवार, बुधवार. नळी कशी धुऊन टाकली तेही.

कुणीतरी नळ अर्धवट सोडून गेलं होतं, तो तिनं बंद केला.

"मंगळवारी तिच्या परकराची शिवण उसवली मी," ती म्हणाली. "पंधरा दिवसाखाली शिवलेला. कमरेला बसंना. दोन बोटं वाढवला अन् परत शिलाई मारली."

मला आधी कळलंच नाही ती काय सांगते आहे.

"पोट फुगलेलं दिसलं मला," ती म्हणाली. "दोन वर्षं तेच बघायलाव की आपण. मला कळलं होतं. मग तुम्ही निल म्हणालात. मला वाटलं, ह्यांच्या नळीत निल हाय म्हणजे माझंच काहीतरी चुकतंय. चुकतंय असंच वाटू द्यावं म्हणलं. तुमाला काही सांगितलं न्हाई."

"मी खोटं बोललो."

"हाव. अन् मी ते खरं धरलं. मला जायचं होतं."

तिनं मला माफ केलं असं ती म्हणाली नाही, मीही तिला काही म्हणालो नाही. ती खाली बसली, मीही बसलो. आणि मग त्या ओल्या फरशीवर ती तिच्या भीती एकेक सांगायला लागली. मुलगी न्हाणीत जास्त वेळ राहिली तर मी दाराला कान लावते. तिचं मोठेपणचं लग्न डोळ्यासमोर आणायला जाते तर नुसता मांडव दिसतो, ती दिसत न्हाई. तुम्ही शाळेला गेलात की मी देवापुढं न बसता दारात बसते, कारण देवापुढं बसलं की वाईटच मनात येतं. मी माझ्या सांगितल्या. त्यातल्या कितीतरी सारख्याच निघाल्या. एवढं आम्ही दोन वर्षांत बोललो नव्हतो.

लातूरहून निघायच्या दिवशी मी डॉक्टरांना विचारलं, सोमवारीच आलो असतो तर हे टळलं असतं का. ते म्हणाले, "कदाचित. गोळ्या वाढवल्यावरही काही मुलांना होतं. मला नक्की सांगता येणार नाही आणि तुम्हालाही कधी कळणार नाही." हे न कळणं अजून माझ्याजवळ आहे. नांदेडच्या डॉक्टरांनाही आम्ही दोघांनी मिळून सांगितलं. त्यांनी औषध बदललं, आणि वहीवर रोज दोघांच्या सह्या हव्यात असं बजावलं. तेव्हापासून नळी धरतो मी, पण बघतो दोघं. बायको माझ्या खांद्याला चिकटून उभी राहते. तिचा श्वास अडकलेला मला ऐकू येतो, माझा तिला. तोंड सरळ ठेवायचं मी सोडून दिलं.

त्यालाही आता दोन वर्षं झाली. आजार त्यानंतर एकदा परत आला, पहिल्याच आठवड्यात धरला, आटोक्यात आला. मेहुणीला मुलगा झाला. तिनं लग्नाचा विषय कधी काढला नाही, फक्त फोटोंच्या अल्बममध्ये अक्षतांच्या वेळचं पान बायकोला दाखवायचं टाळते.

मागच्या हिवाळ्यात मुलीच्या शाळेची सहल विष्णुपुरीला निघाली. धरण बघायचं, नांदेडला गुरुद्वारा बघायचा, दिवस मावळायच्या आत परत. मुलगी म्हणाली, मला जायचंय. डॉक्टरांना विचारू म्हणत आम्ही दोन दिवस ढकलले. डॉक्टर म्हणाले, पाठवा. तिच्याबरोबर जाणाऱ्या मॅडमना बायकोनं गोळ्या, पाण्याची बाटली, दोन्ही डॉक्टरांचे नंबर आणि थर्मामीटर दिला. तिसऱ्यांदा सांगायला लागली तेव्हा मुलगीच म्हणाली, "मम्मी, बस सुटंल."

बस गेल्यावर आम्ही घरी आलो. रविवार होता. मला काम नव्हतं, तिलाही नव्हतं. चार वर्षांत पहिल्यांदा आम्ही दोघंच घरात होतो. लोक म्हणतात अशा वेळी मोकळं वाटतं. आम्हाला वाटलं नाही. ती भाजी निवडायला बसली, निवडलेली पुन्हा निवडली. मी वर्तमानपत्राचं एकच पान धरून बसलो. अकरा वाजता मॅडमचा फोन आला तेव्हा दोघंही एकदम उठलो. त्या धरणावर पोचल्याचं सांगत होत्या. मागं पोरांचा कालवा चालला होता आणि त्यात कुठंतरी तिचा आवाज आहे का, हे आम्ही दोघं फोनला दोन बाजूंनी कान लावून शोधत होतो.

"ऐकू आला का तुमाला?" बायकोनं विचारलं.

"न्हाई," मी म्हणालो. "तुला?"

"न्हाई."

मग ती म्हणाली, "चला, जरा बाहेर जाऊन येऊ." आम्ही स्टँडपर्यंत चालत गेलो. बस यायला सहा-सात तास होते. स्टँडवर चहा घेतला, ती जरा हसली, म्हणाली आपण येडेच आहोत. आणि तरी आम्ही तिथल्या बाकावर बसून राहिलो. नांदेडकडून येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे बघत होतो, ती आमची नाही हे माहीत असूनसुद्धा.